खैरलांजीचे पोस्टर आणि आमच्याच डोक्यातला क्राइम शो

"पोस्टरच तर बनवायचे आहे, दोन दिवसांत होऊन जाईल," असे म्हणून आम्ही कामाला बसलो आणि त्या एका पोस्टरने आमचा सव्वा महिना घेतला. चार वेळा पोस्टर तयार झाले, तीन वेळा आम्हीच ते रद्द केले. या सव्वा महिन्यात जे शिकलो ते चळवळीतल्या तरुण मित्रमैत्रिणींपुढे मांडावे, म्हणून हा लेख.

आम्ही म्हणजे वणीतले सात-आठ जण. कोणी कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, कोणी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, एक जण फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करणारा, दोघी शिकणाऱ्या मुली. नाशिककडची देवीची वणी नव्हे. यवतमाळ जिल्ह्यातली, निर्गुडा नदीकाठची, कोळशाच्या ट्रकांची वणी. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, तेव्हा आमच्यातले निम्मे जण अंगणवाडीच्या वयाचे होते आणि एकीचा जन्मही झालेला नव्हता. तरी खैरलांजी हे नाव ऐकतच आम्ही मोठे झालो. घरात कोणी ते नाव काढले की क्षणभर सगळे गप्प होतात, एवढे आम्हाला लहानपणापासून कळत होते.

वस्तीतले काही जण त्या वर्षीच्या नोव्हेंबरात आंदोलनात गेले होते. ते आता म्हातारे होत चालले आहेत. त्यांच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करायच्या, सोबत कोर्टाची कागदपत्रे ठेवायची आणि चोवीस-पंचवीस मिनिटांचा माहितीपट करून २९ सप्टेंबरला विहारात दाखवायचा, असे ठरले. माहितीपट कसाबसा उभा राहिला. मग पोस्टरची वेळ आली.

पहिले पोस्टर आमच्या डिझाइनरने एका रात्रीत केले. काळी पार्श्वभूमी, लाल अक्षरे, अक्षरांवरून ओघळणारे रक्ताचे थेंब, अंधारात अर्धाच दिसणारा एक चेहरा आणि खाली प्रश्न: 'त्या संध्याकाळी नेमके काय घडले?' ग्रुपवर टाकताच अंगठ्यांचा आणि ज्वाळांचा पाऊस पडला. एकाने लिहिले, एकदम नेटफ्लिक्स. आम्हालाही ते आवडले होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

ते पोस्टर आम्ही २००६ च्या आंदोलनात गेलेल्या एका काकांना दाखवले. त्यांनी चष्मा चढवून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "याच्यात रहस्य कोन्तं आहे बाप्पा? कोनं मारलं हे तं अख्ख्या गावाले माईत होतं."

आमच्याकडे उत्तर नव्हते.

काका बोलले ते नीट समजून घेण्यासारखे आहे. क्राइम शोचा एक साचा ठरलेला असतो. सुरुवातीला प्रेत सापडते. मग संशय, मग चलाख अधिकारी, मग धागेदोरे आणि शेवटी हातकड्या. खुनी सापडला की प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकून झोपायला जातो. त्या साच्यात गुन्हेगार लपलेला असतो आणि समाज निर्दोष असतो. जातीय अत्याचारात याच्या उलट असते. मारणारे लपत नाहीत. ते घोळक्याने येतात, ओळखीचे असतात, त्यांच्या शेताचे बांध तुमच्या बांधाला लागलेले असतात. गुन्हा उघड्यावर होतो. लपवाछपवी सुरू होते ती नंतर, आणि ती होते कागदावर. फिर्यादीत कोणते कलम घातले, शवविच्छेदन कसे केले, वर्तमानपत्राने कोणता मथळा दिला, निकालात कोणता शब्द वापरला, इथे खरा शोध घ्यावा लागतो. म्हणजे क्राइम शो जिथे संपतो तिथून आपला तपास सुरू होतो. आमचे पहिले पोस्टर तर क्राइम शोच्या पहिल्या मिनिटालाच अडकून बसले होते. चळवळीची पोरे म्हणवून घेणाऱ्यांच्या डोक्यात मालिकावाल्यांचा साचा इतका मुरलेला असावा, याची आम्हाला लाज वाटली.

मग ठरवले की डिझाइन बाजूला ठेवायचे आणि आधी वाचायचे. विशेष न्यायालयाच्या आणि उच्च न्यायालयाच्या निकालाची माहिती गोळा केली, सत्यशोधन अहवाल मिळवले. आनंद तेलतुंबडे यांचे २००८ सालचे खैरलांजीवरचे पुस्तक आणले. तेलतुंबडे मूळचे राजूरचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. खैरलांजी इथून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर लांब. पण त्या गावाची सगळ्यात नेटकी चिरफाड करणारा माणूस आमच्याच भागात जन्मला, हे आमच्यातल्या अनेकांना ठाऊक नव्हते.

भिंतीवर पांढरा कागद चिकटवून आम्ही तारखा लिहीत गेलो. ३ सप्टेंबर २००६ : शेजारच्या गावचे पोलीस पाटील सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण. सुरेखा भोतमांगे यांनी मारणाऱ्यांना ओळखून पोलिसांपुढे जबाब दिला. २९ सप्टेंबर : त्या मारहाणीतले आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी जमाव भोतमांगेंच्या झोपडीवर गेला. सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर मारले गेले. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले. दुसऱ्या दिवसापासून कालव्यात मृतदेह सापडू लागले. २ ऑक्टोबर : विजयादशमी. धम्मदीक्षेला पन्नास वर्षे होत होती आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोक जमले होते. तिथून शंभर किलोमीटरच्या आत हे घडून तीन दिवस झाले होते आणि जमलेल्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता.

ही तारीख लिहिताना आमचा हात थांबला. ज्या काकांनी रहस्याचा प्रश्न विचारला होता, तेसुद्धा त्या दिवशी दीक्षाभूमीवर होते. माहितीपटात ते एवढेच म्हणतात, "आम्ही तिथं जयभीम करत होतो अन् आमाले काईच माईत नव्हतं."

माहीत का नव्हते? कारण सुरुवातीच्या बातम्यांत हे प्रकरण 'अनैतिक संबंधातून घडलेले हत्याकांड' म्हणून छापले गेले. मेलेल्या बाईच्या चारित्र्यावर एक ओळ लिहिली की बाकीचे प्रश्न आपोआप बंद होतात. ती ओळ लिहिणाऱ्याला हातात कुऱ्हाड घ्यावी लागत नाही. समाज रस्त्यावर उतरला तो नोव्हेंबरात, म्हणजे महिन्याभरानंतर. त्यानंतर तपास सीबीआयकडे गेला.

आता आमच्या चुकीविषयी. दुसऱ्या पोस्टरच्या मसुद्यात आम्ही मोठ्या अक्षरात लिहिले होते, 'सहा जणांना फाशी, पण न्याय कुठे?' आमच्या गटातल्या बारावीतल्या मुलीने निकालाची माहिती वाचून विचारले, "दादा, फाशी झाली कुठं?" आम्ही सगळे एकमेकांकडे पाहत राहिलो. आमच्यातल्या निम्म्यांचा खरोखर समज होता की सहा जण फासावर गेले. भाषणांतून आम्ही तेच ऐकत आलो होतो आणि तेच पुढे सांगत होतो.

कागद काय सांगतो? खटला ११ जणांवर चालला. भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने १५ सप्टेंबर २००८ रोजी आठ जणांना दोषी धरले आणि तिघांना सोडले. २४ सप्टेंबरला सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप सुनावली. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द केली आणि आठही जणांची शिक्षा २५ वर्षांच्या कारावासावर आणली. दोन्ही न्यायालयांनी अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. उच्च न्यायालयाच्या म्हणण्याप्रमाणे ही सूडातून झालेली हत्या होती, जातीतून झालेली नव्हे. भैयालाल भोतमांगे लढत राहिले आणि २० जानेवारी २०१७ रोजी गेले.

त्या दिवसापासून गटात एक नियम केला. ज्या ओळीसमोर कागद ठेवता येत नाही, ती ओळ पोस्टरवर जाणार नाही. चौघांची वयेसुद्धा गाळली, कारण वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी वये छापलेली दिसली. कोणाला ही बाब किरकोळ वाटेल. पण आपली एक आकडेवारी चुकली की समोरचा तेवढ्या एका आकड्यावरून अख्खे प्रकरण खोटे ठरवायला टपलेला असतो. आपल्याला चुकीची मुभा नाही.

ही शिस्त काही आमची नवी नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी 'जातिप्रथेचे निर्मूलन' हे भाषण लिहिले. ते भाषण होऊ दिले गेले नाही, म्हणून त्यांनी ते स्वतः छापले. त्याची सुरुवातीची पाने उघडून पाहा. इंदूरकडच्या बलाई समाजावर लादलेल्या अटी, गुजरातमधल्या कविठा गावची घटना, जयपूर संस्थानातल्या चकवाडा गावची घटना. गाव कोणते, साल कोणते, झाले काय, हे सगळे तिथे वर्तमानपत्रांतल्या बातम्यांच्या आधारे मांडले आहे. तत्त्वज्ञान नंतर येते, आधी पुरावा येतो. आम्ही हे पुस्तक आधी दोनदा वाचले होते. पण पोस्टर करायला बसल्यावर प्रथमच लक्षात आले की बाबासाहेब तिथे जे करत आहेत, त्यालाच आज आपण दस्तावेजीकरण म्हणतो.

'सूड की जात' या प्रश्नावर गटात दोन संध्याकाळी वाद झाला. कायद्याचा अभ्यास करणाऱ्या एकाने समजावले की १९८९ च्या कायद्यात कलम ३(२)(पाच) लावायला 'पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे या कारणावरून' गुन्हा घडला, असे सिद्ध करावे लागत होते. आरोपीच्या मनातले कारण सिद्ध करायचे म्हणजे धुके मुठीत पकडायचे. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, त्या जागी 'अशी व्यक्ती त्या समाजाची आहे हे माहीत असताना' या अर्थाचे शब्द आले. खैरलांजीच्या वेळी ही दुरुस्ती नव्हती. आणि गावात कोण कोणत्या जातीचे, हे कोणाला माहीत नसते?

पण कायद्याच्या शब्दांपलीकडेही एक साधा प्रश्न उरतो. सूड उगवायला इतके बळ येते कुठून? भोतमांगेंकडे सुमारे पाच एकर जमीन होती. मुले शिकत होती. प्रियंका बारावीत होती. एका दलित बाईने पोलिसांपुढे जाऊन मारणाऱ्यांकडे बोट दाखवले. असाच जबाब गावातल्या एखाद्या वजनदार घरच्या बाईने दिला असता, तर तिच्या दारात जमाव गेला असता का? गेला असता तर गाव पाहत राहिले असते का? सूड कोणावर असा उगवता येतो आणि कोणावर उगवता येत नाही, हे जातच ठरवते. म्हणून 'सूड होता, जात नव्हती' हे वाक्य आम्हाला पटत नाही. न्यायालयाचा मान राखूनही निकालाशी असहमत होण्याचा हक्क संविधानाने आपल्याला दिला आहे.

आता तिसऱ्या पोस्टरविषयी. हे सांगायला सगळ्यात अवघड.

२००६ साली मृतदेहांचे फोटो पत्रकांतून आणि सीडींतून गावोगाव फिरले होते. ते आम्हालाही मिळाले. आमच्यातल्या तिघांचे म्हणणे होते की पोस्टरवर तेच हवेत. लोक झोपलेत, त्यांना हादरवल्याशिवाय जागे होणार नाहीत. हे म्हणणे पोकळ नव्हते. मोठ्या वर्तमानपत्रांनी प्रकरण दाबले, तेव्हा त्याच फोटोंनी समाजाला रस्त्यावर आणले. अमेरिकेत १९५५ साली एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला मिसिसिपीत गोऱ्यांनी ठार केले. त्याची आई मेमी टिल हिने शवपेटी उघडी ठेवायला लावली. माझ्या मुलाचे काय केले ते जगाने पाहावे, असा तिचा हट्ट होता. 'जेट' मासिकाने तो फोटो छापला आणि नागरी हक्कांच्या लढ्यात एक पिढी उभी राहिली. मारणारे मात्र गोऱ्या ज्युरीकडून सुटले. हा दाखला आम्हीच पुढे केला होता आणि आम्हीच त्यावर खूश होतो.

पोस्टर तयार झाले. ते आम्ही विहारात काही बायांना दाखवले. त्यात आमच्या गटातल्या त्या बारावीच्या मुलीची आई होती. मुलगी वणीजवळच्या एका खेड्यातून रोज सायकलने कॉलेजला येते. आईने फोटो पाहिला, तोंड फिरवले आणि म्हणाली, "भाऊ, हा फोटू तुमी चौकात लावान तं माह्या पोरीची सायकल उद्यापासून बंद. मी तिले घराबाहेर पाठवत नाई."

कोणीतरी समजवायला लागला की मावशी, हे समाज जागा करण्यासाठी आहे. तेव्हा ती पुन्हा बोलली. "त्या मायलेकीले त्या लोकायनं एकदा उघडं केलं. आता तुमी रोज करान काय?"

विहारात शांतता झाली. आमच्यातला जो फोटोसाठी सगळ्यात जास्त भांडला होता, त्यानेच लॅपटॉप बंद केला.

त्या रात्री आम्ही बराच वेळ बोलत बसलो. प्रियंकासुद्धा सायकलने शाळा-कॉलेजला जायची, हे आम्ही वाचले होते. भिंतीवरच्या कागदावरही होते. पण आमच्या गटातच सायकलने येणारी एक बारावीची मुलगी आहे आणि आपण तिच्या आईला काय दाखवतो आहोत, हे आमच्या डोक्यात आले नव्हते. जातीय अत्याचार एका घरापुरता नसतो. तो बाकीच्या सगळ्या घरांसाठी दिलेला इशारा असतो. 'शिकाल, जमीन घ्याल, जबाब द्याल तर असे होईल.' तो फोटो चौकात लावून आम्ही मारणाऱ्यांचा तोच इशारा वणीपर्यंत पोहोचवणार होतो, तोही आपल्याच वर्गणीतून. हादरणार कोण होते? ज्यांना हादरायला हवे ते फोटोवर नजर टाकून पुढे जातात. घाबरतात त्या आपल्याच आया-बहिणी.

आणि मेमी टिलचे उदाहरणही आम्ही अर्धेच वाचले होते. शवपेटी उघडी ठेवण्याचा निर्णय आईचा होता. ज्यांचे माणूस गेले त्यांनी घेतलेला निर्णय आणि अठरा-वीस वर्षांनी वणीतल्या सात-आठ पोरांनी लॅपटॉपवर घेतलेला निर्णय, या दोन्हींना एकाच मापाने मोजता येत नाही. २००६ साली ते फोटो फिरवणाऱ्या कार्यकर्त्यांना आम्ही दोष देत नाही. तेव्हा घटना घडली हेच कोणी मानत नव्हते. आज घटना सगळ्यांना माहीत आहे. नाकारली जाते ती तिच्यातली जात. फोटोने ती सिद्ध होत नाही.

तिसरे पोस्टरही रद्द झाले. तेवढ्यात छपाईच्या पैशांचा प्रश्न आला. शहरातल्या एका पुढाऱ्याने निरोप पाठवला की सगळा खर्च मी करतो. वर बाबासाहेब, खाली माझा फोटो आणि माझ्या चार कार्यकर्त्यांचे गोल फोटो टाका. आपल्याकडे फ्लेक्स कसे असतात हे तुम्ही रोज पाहता. वाढदिवस असो की महापरिनिर्वाण दिन, चेहऱ्यांची रांग तीच. चार मेलेल्या माणसांच्या नावाखाली पाच जिवंत माणसांचे हसरे चेहरे! आम्ही नम्रपणे नाही म्हटले. मग घरोघर वीस-पन्नास रुपये जमवले. वेळ लागला, पण पोस्टर कोणाच्या उपकारात राहिले नाही.

चौथ्या पोस्टरची वाट एका जुन्या झेंड्याने दाखवली. अमेरिकेतली काळ्या लोकांची संघटना एनएएसीपी, तिचे कार्यालय न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर होते. १९३० च्या दशकात कुठे जमावाने काळ्या माणसाला ठार मारल्याची बातमी आली की त्या कार्यालयाच्या खिडकीबाहेर काळा झेंडा लागायचा. त्यावर चित्र नाही, प्रेत नाही, रक्त नाही. पांढऱ्या अक्षरांत एकच वाक्य : काल जमावाने एका माणसाचा जीव घेतला. खालून जाणाऱ्या हजारोंना ते वाचावे लागायचे. १९३८ साली जागेचा भाडेकरार रद्द होण्याची वेळ आली तेव्हा तो झेंडा लावणे थांबवावे लागले. एका वाक्याची एवढी भीती!

आम्हीही शब्दांकडे वळलो. माहितीपटाचे नाव ठरले 'साक्षीदार'. सुरेखा भोतमांगे आजवर आमच्यापुढे फक्त बळी म्हणून आल्या होत्या. कागद वाचल्यावर कळले की त्या आधी साक्षीदार होत्या, आणि म्हणूनच त्यांचा बळी घेतला गेला. मसुद्यात लिहिले होते, 'सुरेखा भोतमांगे यांनी साक्ष दिली होती.' आमच्या कायदेवाल्याने अडवले. साक्ष कोर्टात होते, पोलिसांपुढे होतो तो जबाब. शब्द बदलला. शेवटच्या ओळीत लिहिले होते, 'हत्या सिद्ध झाली, जात सिद्ध झाली नाही.' तीही अडवली. जात सिद्ध करायची नव्हती, कायदा लागू करायचा होता. तीही बदलली. शेवटी पोस्टर असे झाले :

साक्षीदार
सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर भोतमांगे
खैरलांजी, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा
२९ सप्टेंबर २००६
सुरेखा भोतमांगे यांनी जबाब दिला होता.
हत्या सिद्ध झाली. अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. का?

पांढऱ्यावर निळी अक्षरे. बस.

तरी अडचणी संपल्या नाहीत. पहिल्या दुकानदाराने मजकूर वाचला आणि "उगाच वाद नको, भाऊ" म्हणून काम परत केले. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर युनिकोड अक्षरे तुटली. 'साक्षीदार'मधला क्ष फुटून क आणि ष वेगळे दिसू लागले. जुन्या फॉन्टमध्ये सगळे पुन्हा टाइप करावे लागले आणि पुन्हा तपासावे लागले, कारण त्या नादात 'मोहाडी'चे 'मोहडी' झाले होते. पडद्यावर दिसणारा निळा रंग छापल्यावर जांभळा आला, तो दोनदा बदलला. आमचा डिझाइनर हसत म्हणाला की इथे पांढरे पोस्टर म्हणजे वेडेपणा आहे, आठ दिवसांत कोळशाच्या धुळीने काळे होईल. झालेही तसेच. मग दर दोन-तीन दिवसांनी कोणीतरी ओला फडका घेऊन जायचे आणि नावे पुसून यायचे. त्या मुलीने ते काम स्वतःकडे घेतले. कॉलेजातून परत जाताना सायकल थांबवून ती पोस्टर पुसायची. येणारे-जाणारे विचारायचे, काय आहे गं हे? ती सांगायची. आमच्या पोस्टरची जेवढी जाहिरात झाली ती अशी झाली.

२९ सप्टेंबरला विहारात सत्तरेक माणसे आली. त्यात आमच्या अपेक्षेपेक्षा बाया जास्त होत्या. ती आई पहिल्या ओळीत बसली होती. माहितीपट संपल्यावर एका तरुणाने हात वर करून विचारले, "पण फाशी तर झाली होती ना?" आम्ही त्याला हसलो नाही. सव्वा महिन्यापूर्वी आम्हीही तिथेच होतो. मग पुढचा तासभर त्या एका प्रश्नावर चर्चा झाली, आणि ती माहितीपटापेक्षा चांगली झाली.

मित्रांनो, आज प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, पोस्टर बनवणारी अॅप्स आहेत. अत्याचाराची बातमी आली की तासाभरात आपण लाल-काळे पोस्टर फिरवतो. राग खरा असतो, तो असायलाच हवा. पण पाठवण्याआधी चार प्रश्न स्वतःला विचारा. लिहिले आहे त्याला कागद आहे का? गेलेल्या माणसाची अब्रू आपण सांभाळली आहे का? हे पाहून घाबरणार कोण, मारणारे की आपल्याच मुली? आणि ज्यांच्यावर अत्याचार झाला ते आपल्या पोस्टरवर फक्त मेलेले दिसतात, की जिवंतपणी त्यांनी जे धाडस केले तेही दिसते? या चार प्रश्नांची उत्तरे शोधायला वेळ लागतो. तेवढा वेळ द्या. गुन्हा दाबणाऱ्यांकडे वर्तमानपत्रे असतात, पैसा असतो, माणसे असतात. आपल्याकडे खरी माहिती आहे. ती आपणच ढिसाळपणे वापरली तर उरेल काय?

पोस्टर अजून चौकातल्या भिंतीवर आहे. एक कोपरा फाटला आहे आणि निळा रंग फिका पडला आहे. खालचा 'का?' मात्र अजून वाचता येतो. त्याचे उत्तर आम्हाला पोस्टरवर देता आले नाही. ते द्यायचे काम माहितीपटाचेही नाही, आपल्या सगळ्यांचे आहे.

जय भीम!